‘इतकं पातळ ऑइल विदर्भाच्या उन्हात टिकेल का?’

वर्ध्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. २०२२ ची पेट्रोल हॅचबॅक, टर्बो नाही, ६२,००० किलोमीटर झालेत, वॉरंटी संपलीय. रोज शाळेत जायला चार किलोमीटर आणि यायला चार. महिन्यातून एकदा समृद्धी महामार्गानं शिर्डीजवळ माहेरी. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ ऑइल पहिलं दिलंय, खालच्या तक्त्यात ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० सुद्धा आहेत. मागच्या फेरीत परतताना पेट्रोल पंपावर डिपस्टिक काढून बघितली, तर निघताना वरच्या खुणेला असलेलं ऑइल साधारण पाव भाग खाली आलेलं दिसलं. घराजवळच्या मिस्त्रींनी ते तेल दोन बोटांत घासलं आणि म्हणाले, ‘‘हे ऑइल नाही, पाणी आहे. आपल्या पंचेचाळीस डिग्रीत हे टिकत नाही. २०डब्ल्यू-५० टाका, बघा इंजिन कसं गप्प चालतं.’’ सर्व्हिस सेंटर म्हणतं, ०डब्ल्यू-१६ सोडून दुसरं नाही. कुणाचं ऐकायचं?

ताई, आधी उत्तर देतो, कारण नंतर सांगतो. २०डब्ल्यू-५० टाकू नका. पुढच्या वेळी मॅन्युअलच्या तक्त्यातलंच ५डब्ल्यू-३० टाका आणि ऑइल दहा हजार किलोमीटरची वाट न बघता सहा महिन्यांनी बदला. तुम्ही प्रश्न घट्ट-पातळचा विचारलाय, पण मला तुमच्या गाडीत खरी अडचण दिसतेय ती रोजच्या चार किलोमीटरांची.

तुमचे मिस्त्री फसवत नाहीयेत, हेही सांगून टाकतो. मी नाशकात पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय आणि ज्या उस्तादांकडे शिकलो, त्यांच्याकडे कोपऱ्यात एकच बॅरल असायचं, २०डब्ल्यू-४० चं. अँबेसिडर येवो, पद्मिनी येवो, मारुती ८०० येवो, सगळ्यांना तेच. आणि त्या गाड्या चालायच्या! त्या इंजिनांत फटी मोठ्या होत्या, झीज जास्त होती, ऑइल घट्ट असलं की आवाज कमी यायचा. आवाज कमी म्हणजे इंजिन खूश, हे आमच्या डोक्यात तिथून बसलं.

माझं डोकं ताळ्यावर आणलं ते एका गिऱ्हाइकाच्या गाडीनं. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ चालता चालता बदलणारं, पेट्रोल इंजिन होतं. ‘‘जरा आवाज करतंय’’ म्हणाले, म्हणून मीच मोठ्या उत्साहानं त्यात २०डब्ल्यू-५० भरलं होतं. आवाज खरंच कमी झाला. डिसेंबरात गाडी परत आली: सकाळी पिकअप नाही, चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनर लावला तर कोड पी००११, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, कॅमशाफ्टचं, टायमिंग जागेवर येत नाहीये. दुसरीकडे त्यांना तो दांडा पुढे-मागे करणारा ॲक्च्युएटर बदलायचा खर्च सांगितला होता. मी ऑइल आणि फिल्टर काढून मॅन्युअलमधला ग्रेड भरला, कोड पुसला, तीन दिवस गाडी स्वतःकडे ठेवून रोज सकाळी थंड असताना चालू केली. दिवा परत लागला नाही. पैसे मागायचं तोंड नव्हतं, मागितले नाहीत.

झालं काय होतं? अशा इंजिनात ऑइल नुसतं वंगण राहिलेलं नाही. जेसीबीच्या हातात जसं हायड्रॉलिक तेल काम करतं, तसं हेच ऑइल कॅमशाफ्ट पुढे-मागे फिरवतं, टायमिंग चेनचा टेन्शनर दाबून धरतं, काही इंजिनांत टॅपेटची फटही भरून काढतं. या सगळ्यांच्या वाटा बारीक, आणि मध्ये जाळी. ठरलेल्या वेळेत ठरलेलं ऑइल तिथं पोचेल, असं धरून कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिलेला असतो.

आता डब्यावरचे आकडे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा आहे, आणि ती थंडी आपली नव्हे. ० चं ऑइल उणे ३५ अंशांवर, ५ चं उणे ३० वर, १५ चं उणे २० वर इंजिनाला फिरू देतं का, हे तपासून तो आकडा मिळतो. आमच्या निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला तर पेपरात फोटो छापून येतात! त्यामुळे महाराष्ट्रात ० की ५, यावर झोप घालवू नका. एवढं मात्र खरं, की ० किंवा ५ चं ऑइल बनवायला मूळ तेल चांगल्या प्रतीचं लागतं, आणि वीस अंशांच्या साध्या सकाळीही ते लवकर वर चढतं. त्या वीस अंशांवर २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-१६ च्या पाचपटीहून जास्त घट्ट असतं. चालू केल्यानंतरचे पहिले काही सेकंद इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, कोण आधी पोचेल, ते यावरून समजा.

नंतरचा आकडा कामाचा. तो १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. सेंटिस्टोक या मापात १६ नंबरचं ऑइल ६.१ ते ८.२ मध्ये, २० नंबरचं ६.९ ते ९.३, ३० चं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९ मध्ये बसावं लागतं. नीट बघा, १६ आणि २० चे पट्टे एकमेकांवर चढलेत. म्हणजे १६ वरून २० वर जाणं ही फार मोठी उडी नाही. १६ वरून ५० वर जाणं म्हणजे दुपटी-तिपटीचा फरक. याशिवाय १५० अंशांवर जोरात घुसळून ऑइलचा तग तपासतात, कारण बेअरिंगमध्ये तशीच अवस्था असते. तिथलं माप वेगळं. त्यात १६ ला किमान २.३, २० ला २.६, ३० ला २.९ आणि पुढे ४० ला ग्रेडप्रमाणे ३.५ किंवा ३.७ लागतात. माझ्या मते इंजिन किती सुरक्षित आहे, हे या शेवटच्या आकड्यातून सगळ्यात जास्त कळतं. तो डब्यावर नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात असतो.

एक गैरसमज इथंच काढतो. ‘‘५डब्ल्यू-३० थंडीत पातळ आणि गरमीत घट्ट होतं’’ असं मला महिन्याला दोघं तरी सांगतात. कुठलंच ऑइल तापल्यावर घट्ट होत नाही. पाकाचं बघा, गरम असताना तो चमच्यावरून सरसर ओघळतो आणि थंड झाला की त्याचीच तार निघते. ऑइलही तसंच. ५डब्ल्यू-३० चाळीस अंशांवर साधारण साठ सेंटिस्टोक असतं आणि शंभर अंशांवर दहा-अकरा. मिस्त्रींनी बोटांत घासलं ते तेल पंपावरून घरी पोचलेल्या गरम इंजिनातलं. त्या वेळी ते पातळच लागणार. बोटाला १६ आणि ३० मधला फरक कळतो असं म्हणणाऱ्यांना मी दोन वाट्यांत दोन ऑइलं देऊन बघितलंय. माझ्यासकट सगळे चुकतात. काळं झालंय म्हणजे खराब झालंय, हेही तसंच. ऑइल काजळी धरून ठेवतं म्हणून काळं होतं.

आता पंचेचाळीस अंशांचं. बाहेरचं ऊन आणि इंजिनातलं तापमान यांच्यामध्ये थर्मोस्टॅट आणि रेडिएटर बसलेत. जानेवारीच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी, दोन्ही वेळा स्कॅनर लावून मी कसारा घाट चढलोय. कूलंट दोन्ही वेळा नव्वदीतच होता. मे महिन्यात पंखा जास्त वेळ फिरतो, एवढाच फरक. ऑइलला तितका पक्का पहारेकरी नसतो, हे कबूल. भर उन्हात सलग वेगानं गेलात, तर इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल थंडीतल्यापेक्षा पाच-दहा अंश जास्त तापू शकतं. आणि तापलेलं ऑइल आणखी दहा अंश चढलं की साधारण पाचव्या हिश्शानं पातळ होतं. समृद्धीवर तासनतास ११०-१२० नं जाणं, एसी चालू, चार माणसं आणि सामान, असं असेल तर त्या प्रवासात तुमचं ऑइल आपोआप एक ग्रेड उतरलेलं असतं. म्हणून तक्त्यातल्या एक-दोन पायऱ्या वर जाण्यात तथ्य आहे. मिस्त्रींच्या म्हणण्यातला खरा भाग तेवढाच, आणि तेवढ्यासाठी ३० पुरतं.

मग कंपनीनं १६ का लिहिलं? खरं सांगायचं तर मुख्यतः पेट्रोल वाचवायला. आपल्याकडे कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर सरकारी बंधन आहे. २०१७-१८ पासून ते लागू झालं आणि २०२२-२३ पासून आणखी आवळलं. पातळ ऑइलनं एखाद-दोन टक्के इंधन वाचतं. तुमच्या-माझ्या खिशात ते जाणवत नाही, पण लाखो गाड्यांच्या बेरजेत कंपनीला फार मोठं असतं. याचा अर्थ इंजिन मरू देऊन पेट्रोल वाचवतात, असा घेऊ नका. पातळ ऑइल धरून बेअरिंगचे थर, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा, पंप, रिंगांचा ताण हे सगळं तसं ठरवलेलं असतं. पण एकाच इंजिनाला निरनिराळ्या देशांच्या मॅन्युअलमध्ये निरनिराळे ग्रेड सापडतात, तेही खरं. अमेरिकेतल्या टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ सांगून झाल्यावर खाली असं लिहिलेलं असतं, की सलग जास्त वेग किंवा फार भार असेल तर जास्त घट्ट ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे एकाच ग्रेडचा ड्रम असतो. माझ्या उस्तादांचं बॅरल आणि यांचा ड्रम यांत तसा फरक नाही.

घट्ट म्हणजे जास्त संरक्षण, हे अर्धवट खरं आहे. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेअरिंगवर टेकलेला नसतो, ऑइलच्या पातळ पाचरीवर तरंगत फिरतो. पावसात भरधाव गाडीचा टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो ना, तसाच. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या दोन-पाच शतांश, केसापेक्षा बारीक. ऑइल फारच पातळ झालं तर पाचर मोडते आणि धातू धातूला लागतो. उलट प्रमाणाबाहेर घट्ट ऑइल त्या फटीतून कमी वाहतं आणि तिथली उष्णता बाहेर काढायचं काम मंदावतं. ऑइल पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबलेलं ऑइल हेडकडे जायच्या ऐवजी परत चेंबरमध्ये. मीटरवर प्रेशर छान, कॅमपाशी ऑइल कमी. गप्प चालणारं इंजिन बघून मला हल्ली आनंद होत नाही, तो यामुळे.

आता तुमच्या चार किलोमीटरांकडे येतो. सकाळी गाडी चालू केलीत, की थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो. त्यातलं न जळालेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. जळण्यातून तयार झालेली वाफही थोडी उतरते. इंजिन अर्धा तास चांगलं तापलं तर दोन्ही उडून जातात. चार किलोमीटरांत काटा जेमतेम मध्यावर येतो, तोवर शाळा आली. दुपारी पुन्हा तेच. महिनाभर हे चाललं की ऑइलमध्ये पेट्रोल साठतं. चार-पाच टक्के मिसळलं तरी ३० चं ऑइल २० च्या पट्ट्यात घसरू शकतं, मग १६ चं काय होत असेल बघा. तुमच्या इंजिनात पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीत, फवारलं जात असेल तर हा त्रास कमी, थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्यांत जास्त. पण शून्य कुणालाच नाही. ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळसर साय धरली असेल, तर ती ओलाव्याची खूण समजा. उन्हाळ्यात दिसणार नाही, पावसाळ्यात बघा.

आणि म्हणूनच शिर्डीहून येताना डिपस्टिकच्या पट्टीवर ऑइल खाली दिसलं. महिनाभर साठलेलं पेट्रोल-पाणी चारशे-साडेचारशे किलोमीटरच्या सलग तापण्यात उडालं. त्याआधी तुम्हाला ‘वरच्या खुणेला’ दिसलेलं सगळं ऑइल नव्हतंच! शिवाय पंपावर थांबल्या थांबल्या बघितलं, तर बरंचसं ऑइल अजून हेडमध्ये असतं आणि पंपावरची जमीन बहुतेक ठिकाणी उताराची. पातळ ऑइल घट्ट ऑइलपेक्षा जरा जास्त उडतं, हेही त्यात धरा. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण लिटरभराचं असतं, म्हणजे तुमचा पाव भाग पाव लिटरचा. तेवढ्यावर इंजिनाला दोष द्यायला मी तयार नाही. सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, घरासमोर रोज उभी करता त्याच सपाट जागी पट्टी पुसून, परत घालून बघा. दर पंधरा दिवसांनी, आणि प्रत्येक आकड्यासोबत किलोमीटर लिहून ठेवा. लांबच्या फेरीनंतरचा आकडा तेवढा खरा धरा. दोन महिन्यांत अशा आकड्यांमध्येही अर्ध्याहून जास्त उतरलं, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधली वाफ बाहेर काढणारा), व्हॉल्व्ह सील आणि मग रिंगा, या क्रमानं तपासावं लागेल. तेव्हाही घट्ट ऑइल हा इलाज नाही. त्यानं धूर आणि खप काही काळ झाकला जातो, एवढंच.

मॅन्युअल बारीक वाचलंत तर ‘कठीण परिस्थिती’ म्हणून वेगळा तक्ता सापडेल. छोट्या फेऱ्या, धूळ, सतत ट्रॅफिक. आपल्याला वाटतं, ते वाळवंटातल्या लोकांसाठी असेल. शाळेची चार किलोमीटरं त्यातच मोडतात, आणि तिथं मुदत साधारण निम्मी असते. दहा हजार किलोमीटर पुरे झाले नसले तरी सहा महिने मी त्याच्यामुळेच सांगतोय.

याच गाडीला मी दुसऱ्या कुणासाठी दुसरं सांगितलं असतं. रोज नाशिक-सिन्नर नोकरीला जाणारा, ऐंशीच्या पुढे न जाणारा माणूस असता, तर १६ किंवा २० च ठेवा म्हणालो असतो. गाडी वॉरंटीत असती, तर तक्त्यात पहिलं लिहिलेलं टाका आणि बिल जपा, वाद नको. दोन लाख किलोमीटर झालेली टॅक्सी असती, गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकत असता, तर प्रेशर गेज लावून बघितल्यावर मॅन्युअलमध्ये बसणारी शेवटची पायरी, ज्या गाडीच्या तक्त्यात असेल तिथं ४० सुद्धा. तक्त्याबाहेर उडी मात्र मी कुणालाच मारू देत नाही.

डिझेलवाल्यांना यातलं सगळं लागू नाही. बीएस-६ डिझेलला धुराड्यात काजळीचा फिल्टर असतो, तिथं ग्रेडपेक्षा कमी राखेचं ऑइल, म्हणजे डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ यांपैकी जो दर्जा मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तो, जास्त महत्त्वाचं. त्यांची पट्टी वर चढत असेल तर फिल्टर साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, त्यांनी लगेच दाखवावं. टर्बो पेट्रोलवाल्यांनी डब्यावर दर्जाची खूण, एपीआय एसपी किंवा त्याच्या पुढचं एसक्यू, बघूनच घ्यावं. आणि उरलेलं ऑइल घरातल्या मोटरसायकलमध्ये ओतू नका, तिचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि घसरायला लागतो.

खरेदीचं शेवटी. तीन-साडेतीन लिटरचाच मामला आहे, त्यामुळे सीलबंद डबा ओळखीच्या दुकानातून स्वतः घ्या. त्यावर ५डब्ल्यू-३० आणि एपीआय एसपी दोन्ही असावं. सोबत फिल्टरही घ्या. तुमच्याच मिस्त्रींकडे न्या. इतक्या वर्षांचा संबंध एका ऑइलवरून तोडू नका, ‘‘मॅन्युअलमध्ये हे पण दिलंय’’ म्हणून तक्ता दाखवा, बहुतेक ऐकतील. गाडी गरम असताना नट उघडायला सांगा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. भरताना सगळा डबा एकदम रिकामा करू देऊ नका, पट्टी बघत भरा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक त्याला घुसळून फेस करतो, आणि फेसाला प्रेशर नसतं. काम झालं की रिकाम्या डब्याला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडूनच तिथून निघा. चांगल्या डब्यांना भंगारात वेगळा भाव येतो, आणि त्यांत परत काय भरलं जातं ते मी गिऱ्हाइकांच्या चेंबरमधून काढलेलं आहे.